एका ए-फोर कागदातून नाताळचं छोटं घर, कटिंग मशीनवर

मिरजेला माझ्या मैत्रिणीच्या घरी दर नाताळला गोठा मांडतात, बाळ येशू, मरिया, योसेफ, मेंढपाळ, खाली गवत, वर तारा, सगळं साग्रसंगीत. तीन वर्षांपूर्वी तिची आई, म्हणजे आमच्या मावशी, मला म्हणाल्या की तुझ्याकडं ते कागद कापायचं मशीन आहे ना गं, मग गोठ्याच्या मागं एक गाव करून दे की, दिवाळीला पोरं किल्ल्याखाली मांडतात तसं. तेव्हापासून दर डिसेंबरला ही घरं करते, आणि करत करत आता एक माप पक्कं बसलंय. एका ए-फोर कागदातनं एक अख्खं घर निघतं, छप्पर झाकणासारखं उघडतं, आत दिवा बसतो, आणि जानेवारीत सपाट मिटून वहीत ठेवता येतं. सांगलीतनं मिरजेला घेऊन जायचं म्हणजे डब्यात जपून न्यावं लागत नाही हा मोठा फायदा.

मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल सुरू केलं, त्यामुळं इकडं नाताळ पिढ्यान्पिढ्या चालत आलेला सण आहे. कागदी घरांची गोष्ट मात्र लांबची. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात मोराव्हियन या ख्रिस्ती पंथाचे जर्मन बोलणारे लोक नाताळला गोठ्याभोवती छोटा देखावा मांडायचे, त्याला ते पुट्झ म्हणतात, सजवणं या अर्थाच्या जर्मन शब्दावरनं. पुढं १९२० आणि ३० च्या दशकांत जपानातनं पुठ्ठ्याची चकचकीत छोटी घरं अमेरिकेत विकायला जायची, खिडक्यांना रंगीत पारदर्शक कागद आणि पाठीमागं गोल भोक, त्या भोकातनं माळेतला एक बल्ब आत घालायचा. ते भोक मी पण ठेवते, आपल्या दिवाळीच्या माळा घरात पडूनच असतात ना.

मशीन कुठलं असलं तरी चालेल. क्रिकट असो, सिल्हूट कॅमिओ असो, ब्रदरचं स्कॅनएनकट असो, चिकट मॅटवर कागद लावायचा आणि पातं कॉम्प्युटरवरच्या रेषेवरनं फिरतं, तत्त्व एकच. मशीन नसेल तर हेच माप पेन्सिलनं आखून कटर आणि स्टीलच्या पट्टीनं कापलं तरी घर हेच होतं, वेळ जास्त जातो एवढंच, खिडक्यांना विशेष.

आता कागद. इथं घाई करू नका, कारण घर चांगलं दिसतंय का नाही हे निम्मं कागदावर ठरतं. २०० ते २२० जीएसएमचा कार्डशीट घ्या, जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. १६० च्या खाली गेलात तर भिंतीला पोक येतं, ३०० च्या वर गेलात तर साधं पातं दोनदा-तीनदा फिरवूनसुद्धा कोपरे अडकून राहतात. रंगीत घेणार असाल तर कडेला फाडून बघा, आरपार रंग पाहिजे. नुसता वरनं रंग असलेला आणि आतनं पांढरा कागद घेतला की प्रत्येक घडीवर पांढरी रेघ उमटते आणि सगळं घर पिंजल्यासारखं दिसतं. लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये ओळख असेल तर उरलेले कट मागून बघा, चांगला जाड कागद असतो आणि आपल्याला तेवढाच तुकडा लागतो.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे कागदाचा ग्रेन. कागदातले तंतू एका दिशेनं पडलेले असतात, त्या दिशेला समांतर घडी घातली तर धारदार आणि स्वच्छ येते, आडवी घातली तर घडीवर कागद तडकतो. ओळखायचं कसं, तर शीट हातात धरून आधी लांबीकडनं आणि मग रुंदीकडनं हलकं वाकवायचं, दोन्ही टोकं एकमेकांकडं आणायची, ज्या वेळी सहज वाकतो त्या वेळी घडी जिथं पडली असती त्या रेघेची दिशा म्हणजे ग्रेन. आपल्या घराच्या चारही कोपऱ्यांच्या घड्या आणि छपराची वरची घडी ए-फोरच्या २१ सेंटिमीटरच्या बाजूला समांतर येतात, म्हणजे ग्रेनसुद्धा त्याच आखूड बाजूला समांतर पाहिजे. तयार ए-फोरच्या गठ्ठ्यात तो बहुतेक वेळा लांब बाजूनं असतो. म्हणून मी मोठी शीट आणून ती वाकवून बघते आणि पाहिजे त्या दिशेनं ए-फोर स्वतः कापते. पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं, सहा घरांचे सगळे कोपरे तडकले, मी पात्याला दोष देत बसले होते आणि पातं नवंकोरं होतं.

माप लिहून घ्या, सगळं सेंटिमीटरमध्ये.

भिंतींची एकच लांब पट्टी: समोरची भिंत ७, बाजूची ५, मागची ७, दुसरी बाजू ५, आणि शेवटी चिकटवायची पट्टी १, म्हणजे एकूण २५ रुंद. भिंतीची उंची ६. समोरच्या आणि मागच्या भिंतीवर त्रिकोण काढायचा, उंची साडेतीन, म्हणजे रुंदीच्या बरोबर निम्मी, त्यामुळं छपराचा उतार नेमका ४५ अंशांचा येतो आणि पुढची सगळी मापं सोपी होतात. बाजूच्या दोन्ही भिंतींना वर ०.८ ची पट्टी, छप्पर तिला चिकटतं. चारही भिंतींना खाली पण ०.८ ची पट्टी, आत दुमडायची, नुसता पाया म्हणून, समोरच्या भिंतीत मात्र दाराखाली ती सोडून द्या. पट्ट्यांची टोकं तिरकी कापा, नाहीतर कोपऱ्यात एकावर एक चढतात.

छप्पर: ११.३ बाय ६.४, मधोमध घडी. कसं आलं ते सांगते म्हणजे तुम्हाला मोठं घर करायचं असेल तर बदलता येईल. साडेतीन आडवं आणि साडेतीन उभं, त्याची तिरकी बाजू साधारण ४.९५, त्यात खाली वळचणीसाठी ०.७ मिळवलं की ५.६५, दोन्ही बाजू मिळून ११.३. आणि घराची खोली ५, पुढं-मागं ०.७ बाहेर, म्हणजे ६.४. अंगण म्हणून खाली ठेवायला १० बाय ८ चा एक आयत. भिंतींच्या पट्टीची सगळी उंची १०.३ होते, तिच्याखाली छप्पर आणि अंगण शेजारी शेजारी बसतात, ए-फोरमध्ये कडेला थोडी जागा पण उरते.

दार २ बाय साडेतीन, जमिनीपासून ०.२ वर, तीन बाजूंनी कापायचं आणि चौथ्या बाजूला नुसती घडीची रेघ, म्हणजे उघडझाप होते. खिडक्या १.२ बाय १.८, मधला क्रॉस हवा असेल तर त्याची रुंदी २ मिलिमीटरपेक्षा कमी करू नका, मॅटवरनं काढताना तिथंच तुटतं. मागच्या भिंतीत १ सेंटिमीटरचं गोल भोक, जमिनीपासून २ वर. समोर त्रिकोणात एक गोल खिडकी ठेवली की घराला चेहरा येतो, मला ती फार आवडते.

हे सगळं मी इंकस्केप नावाच्या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढते, फुकट आहे आणि मापं आकड्यांत टाकता येतात. कापायच्या रेषा लाल आणि घडीच्या निळ्या ठेवा, मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगावरनं पटकन वेगळ्या निवडता येतात. फाइल मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर पहिलं काम म्हणजे पट्टीची रुंदी बरोबर २५ दाखवतेय का ते बघणं, एका सॉफ्टवेअरमधनं दुसऱ्यात जाताना आकार कधीकधी लहान-मोठा होतो आणि ते डोळ्याला कळत नाही. मग निळ्या रेषांना स्कोअर, म्हणजे दाबरेघ, असं सांगायचं. क्रिकटच्या डिझाइन स्पेस या सॉफ्टवेअरमध्ये घडीची रेघ आणि कापायचा आकार अटॅच करायला, म्हणजे एकमेकांना जोडायला, विसरू नका, नाहीतर ते घड्या वेगळ्याच मॅटवर नेऊन ठेवतं. दाबरेघेचं टूल नसेल तर त्या रेषा तुटक करा, दीड मिलिमीटर काप आणि दीड मिलिमीटर मोकळं. पण दाबरेघ जास्त सुंदर दिसते, दिवा लावल्यावर तुटक रेघेतनं उजेडाचे ठिपके दिसतात. टूल नसेल तर मशीनला नुसतं कापू दे, आणि घडी संपलेल्या बॉलपेनच्या रिफिलनं पट्टी धरून हातानं दाबून घ्या, मी अजूनही कधीकधी तसंच करते.

कापायच्या आधी कोपऱ्यात एक सेंटिमीटरचा चौकोन कापून बघा. तो टाचणीनं सहज उचलला गेला पाहिजे आणि मॅटवर नुसता पुसट ओरखडा पाहिजे. निघत नसेल तर दाब एकदम वाढवण्यापेक्षा दोनदा फिरवायला सांगा आणि वेग कमी करा, दाब वाढवला की खिडकीच्या कोपऱ्यात कागद गोळा होतो. मॅट कोरी असेल तर फार चिकट असते, स्वच्छ सुती कपड्यावर दोन-चारदा थापून घ्या. कागद लावताना चांगली बाजू वर. मशीनची दाबरेघ वरच्या बाजूनं पडते आणि घडी त्या खोबणीपासून मागं मोडायची असते, म्हणजे खोबणीची बाजू बाहेर राहते आणि मागचा उंचवटा आत जातो. म्हणून चांगली बाजू वर ठेवली की सगळं आपोआप बरोबर येतं, उलटं चित्र करायची गरज नाही. बरेच जण खोबणीच्या आत मोडतात आणि मग कोपरा गोलसर का येतोय म्हणून विचारतात.

कापून झालं की कागद मॅटवरनं ओढून काढू नका, मॅट पालथी घाला, कागद टेबलावर टेकवा आणि मॅट वाकवत वाकवत कागदापासून सोलून काढा. वाकायचं ते मॅटनं, कागदानं नाही. कागद ओढला की त्याला कायमचा बाक बसतो.

आता चिकटवण्याआधी सगळ्या घड्या एकदा पूर्ण मोडून परत सरळ करा, पट्टीच्या कडेनं किंवा चमच्याच्या पाठीनं दाबा. खिडक्यांची कामं कागद सपाट असतानाच करायची, घर उभं राहिल्यावर आत बोट जात नाही. खिडकीच्या मागनं बटर पेपरचा तुकडा, चारी बाजूंनी अर्धा सेंटिमीटर मोठा. आणि त्याच्या मागं पिवळा जिलेटीन पेपर, आकाशकंदिलाला लावतो तोच, दिवाळीतला उरलेला तुकडा पुरतो. नुसता जिलेटीन लावला तर आतला बल्ब टिकलीसारखा टोचतो, बटर पेपरमुळं सगळी खिडकी हळदीसारखी सारखी पिवळी दिसते. ज्यांनी घरी कंदील केलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

अजून एक गोष्ट, आणि दिवा लावायचा असेल तर ही टाळू नका. २२० चा पांढरा कागद उजेड अडवत नाही, दिवा लावला की भिंत पण उजळते आणि खिडक्या उठून दिसत नाहीत. आतनं काळ्या किंवा गडद कागदाचं अस्तर लावा, प्रत्येक भिंतीला वेगळा तुकडा, भिंतीपेक्षा सगळ्या बाजूंनी एक मिलिमीटर कमी, खिडक्या थोड्या मोठ्या कापून. सलग अस्तर लावलंत तर घड्या जाड होतात आणि घर मिटणार नाही.

फेव्हिकॉल फार थोडा घ्यायचा, टूथपिकच्या टोकावर येईल तेवढा, बोटानं पसरवून. जास्त झाला की कागद ओलावतो, फुगतो आणि वाळल्यावर सुरकुततो. आधी भिंतींची एक सेंटिमीटरची पट्टी चिकटवा, म्हणजे चौकोनी नळी होते, ती सपाट मिटवून वर जड वही ठेवून दहा मिनिटं सोडा. उभी धरून चिकटवण्यापेक्षा अशी सपाट चिकटवली की कोपरा सरळ येतो. मग छप्पर, फक्त एकाच बाजूच्या पट्टीला चिकटवायचं, छपराच्या खालच्या कडेपासून ०.७ आत. दुसरी बाजू मोकळी, ती नुसती टेकते. हीच आपली झाकणाची बिजागरी. वाळेपर्यंत कपड्याचा लाकडी चिमटा लावून ठेवा, चिमट्याखाली कागदाचा तुकडा घाला नाहीतर दातांचे ठसे उमटतात.

छपरावर हौस करायची जागा भरपूर आहे. मावशींना कौलारू घरं पाहिजे होती, बर्फाची नुसती नकोत, आपली पण चार असू देत म्हणाल्या. त्यासाठी खालची कड अर्धगोलांची असलेल्या पट्ट्या मशीनवर कापा, प्रत्येक पट्टी ६.४ लांब आणि १.२ उंच, विटकरी कागदाच्या, थोडा हलका कागद, १२० जीएसएम वगैरे. खालनं वर चिकटवत जायचं, प्रत्येक पट्टीची ०.८ दिसेल अशी, खऱ्या कौलांसारखंच. एका उताराला सात पट्ट्या, दोन्ही मिळून चौदा, आणि शेवटी माथ्यावर दुमडलेली एक पट्टी. एक-दोन पट्ट्या अगदी किंचित वेगळ्या विटकरी छटेच्या घातल्या तर छप्पर जुनं, पावसाळे बघितलेलं वाटतं. धुरांडं पाहिजे असेल तर दीड सेंटिमीटरचा छोटा डबा, खालची कड ४५ अंशांत कापून, पण तो शेवटी ब्लू टॅकनं, म्हणजे परत काढता येणाऱ्या चिकट लांबीनं, लावा, मिटताना काढून घेता येतो.

बर्फासाठी कापूस लावतात, पण या मापाच्या घरावर तो ढगासारखा बसतो. मी पांढऱ्या कागदाची वेडीवाकडी कड कापून ती वळचणीला चिकटवते, तिच्यावर पातळ फेव्हिकॉलचा हात आणि वरनं पांढरी रांगोळी चाळणीनं भुरभुरवायची. दगडाची पूड असल्यामुळं उजेडात बारीक चमकते, अगदी हिमासारखी. मीठ वापरू नका, ओल धरतं. रवा पण नको, मुंग्या येतात. आणि रांगोळीचं काम मशीनपासून लांब, दुसऱ्या खोलीत करा, ती पूड पात्याच्या आणि रुळांच्या खाचेत गेली तर काढणं फार कठीण.

दिवा एलईडीच. पणती, मेणबत्ती, अगदी छोटी सुद्धा आत ठेवायची नाही, हा कागद आहे आणि आत जागा ७ बाय ५ एवढीच. बॅटरीवरचा छोटा गोल दिवा, टी-लाइट, मिळतो, साधारण पावणेचार सेंटिमीटर रुंद, तो आरामात बसतो, छप्पर उचलून चालू-बंद करता येतो. त्यात बटण सेल असतो, घरात लहान मूल असेल तर त्याचं झाकण स्क्रूचं आहे का बघून घ्या. तो सेल गिळला तर पोटात, घशात आतनं भाजतो, तसं झाल्याची शंका जरी आली तरी थेट हॉस्पिटल गाठायचं, वाट बघायची नाही. गाव मोठं असेल तर मागच्या भोकातनं माळेचा एकेक बल्ब प्रत्येक घरात घाला, दहा घरं एका बटणावर लागतात आणि सेल बदलत बसावं लागत नाही.

गाव मांडताना सगळी घरं एकाच मापाची ठेवू नका. मशीनवर आख्खी फाइल ८० टक्के करून थोडी घरं कापा, ती मागच्या रांगेत ठेवा, मोठी पुढं, मग गाव लांबपर्यंत गेल्यासारखं वाटतं. फक्त लहान करताना चिकटवायच्या पट्ट्या परत ०.८ करून घ्या आणि खिडकीचा क्रॉस २ मिलिमीटर, ते दोन प्रमाणात बारीक झाले की काम बिघडतं. मागच्या रांगेखाली पुस्तकं ठेवून वर हिरवं कापड टाकलं की डोंगर तयार. मावशींकडं गोठा खाली मधोमध असतो आणि गाव त्याच्या मागं चढावर, तारा सगळ्यांच्या वर. चोवीस तारखेला संध्याकाळी खोलीतला दिवा बंद करून त्या माळेचं बटण दाबतात, तेवढ्यासाठी शेजारची पोरं आधीपासूनच येऊन बसलेली असतात.

आवरताना आधी बल्ब काढा, धुरांडी काढा, छप्पर उघडून मागं पूर्ण सरळ करा, खालच्या पट्ट्या बाहेर सरळ करा, मग समोरासमोरचे दोन कोपरे दाबले की घर सपाट होतं. मध्ये एकेक कोरा कागद घालून सगळी घरं एका मोठ्या पाकिटात, वर लिहून ठेवायचं कुठलं पुढच्या रांगेचं आणि कुठलं मागच्या. पाकीट जमिनीवर किंवा भिंतीला लागून ठेवू नका, जूनपासून ओल येते, कपाटात वरच्या फळीवर ठेवा. मावशींची चौदा घरं अशी एका पाकिटात मावतात, यंदा अजून पाच करायची आहेत, त्यातलं एक चर्च, त्याच्या मनोऱ्याचं माप अजून मी जुळवतेय.